पाणी सार्वजनिक, काठ खासगी

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून पश्चिमेला उतरणारी सावित्री नदी पोलादपूर आणि महाड या तालुक्यांतून वाहत बाणकोटच्या खाडीत शिरते आणि तेथून अरबी समुद्राला मिळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार नद्या, ओढे आणि तलाव यांची पात्रे शासनाच्या मालकीची असतात. पात्राची हद्द संपली, की मात्र शेतकऱ्याच्या, बागायतदाराच्या आणि अलीकडे फार्महाऊस बांधणाऱ्याच्या सातबाऱ्यावरची जमीन सुरू होते. पोलादपूरजवळचे रानबाजिरे किंवा महाडला पाणी पुरवणारे कोथुर्डे या धरणांच्या जलाशयांनाही, संपादित पट्टा ओलांडल्यावर, हेच लागू पडते. पाणी सर्वांचे आणि काठ एकेकाचा अशी ही विभागणी असल्यामुळे, ज्या पट्ट्यात पाण्याचे आरोग्य सर्वाधिक घडते किंवा बिघडते तो पट्टा सरकारी योजनेच्या नव्हे, तर जमीनमालकाच्या हाती असतो. जलसंवर्धनाच्या चर्चेत ही बाब जितकी यायला हवी तितकी येत नाही.

महाडला ही विभागणी नवी नाही. ज्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह केला, त्या तळ्याविषयीच्या खटल्यात ते सवर्णांच्या खासगी मालकीचे असल्याचा दावा वादींनी केला होता. तळे सार्वजनिक असल्याचे न्यायालयात ठरले आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करणारी रूढी अनादी असल्याचा वादींचा दावाही मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी फेटाळला. त्याच निकालपत्रात तळ्याचे वर्णन करताना असे नोंदवले आहे, की सुमारे चार ते पाच एकरांच्या या तळ्याभोवतीच्या काही घरमालकांच्या मालकीत काठाच्या चिंचोळ्या पट्ट्या, घाट आणि दगडी बांधही आहेत. काठाची मालकी म्हणजे पाण्याची मालकी नव्हे, हे तत्त्व या भूमीत मोठ्या संघर्षातून प्रस्थापित झाले आहे. काठाच्या मालकीतून पाण्यावर अधिकार निर्माण होत नाही, पण पाण्याविषयीची जबाबदारी मात्र निर्माण होते, ही त्या तत्त्वाची दुसरी बाजू होय आणि पर्यावरणाच्या दृष्टीने तिचा विचार अजून पुरेसा झालेला नाही.

काठ नेमके काय करतो, हे समजण्यासाठी पावसाचे पाणी उतारावरून कसे येते ते पाहावे लागते. नांगरलेल्या वरकस जमिनीवरून, म्हणजे नाचणी-वरीच्या उताराच्या शेतातून, धावणारे पाणी आपल्याबरोबर मातीचे बारीक कण, खतातील नत्र व स्फुरद आणि गोठ्यातील मलमूत्र घेऊन येते. काठावर गवत, झुडपे आणि झाडे यांचा पट्टा असेल, तर पाण्याचा वेग तेथे मंदावतो, गाळ खाली बसतो, काही पाणी मुळांच्या वाटेने जमिनीत मुरते आणि विरघळलेली अन्नद्रव्ये वनस्पती शोषून घेतात. स्फुरद बहुतांशी मातीच्या कणांना चिकटूनच प्रवास करतो, त्यामुळे माती अडली की तोही बऱ्याच प्रमाणात अडतो. हा पट्टा नसेल, तर तोच स्फुरद साचलेल्या पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी पोसतो. त्या वनस्पती कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. काठावरच्या झाडांची सावलीही येथे उपयोगी पडते, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मे महिन्यात डोहांत उरलेल्या थोड्या पाण्यावरच नदीतील जीवसृष्टीला तग धरायचा असतो.

जीवसृष्टीचा विचार केला, तर उथळ, गवताळ, अर्धवट बुडालेला काठ हे तिचे प्रसूतिगृह आहे. पहिल्या पावसात नदीतून ओढ्यांत आणि भातखाचरांत चढणारे वलगणीचे मासे कोकणात सर्वांच्या परिचयाचे आहेत. अंडी घालण्यासाठी त्यांना शांत, उथळ आणि वनस्पतींचा आडोसा असलेली जागा लागते, आणि काठ सरळ तासला गेला की ही वाटच तुटते. मरळ मासा काठच्या पाणवनस्पतींमध्ये जागा साफ करून अंडी घालतो आणि नर-मादी पिलांची राखण करतात. महाड परिसरात सावित्रीत मगरींचाही अधिवास आहे. उन्हाळ्यात मगर मातीच्या किंवा वाळूच्या उतरत्या काठात खड्डा करून अंडी घालते, त्यामुळे उभ्या काँक्रीटच्या भिंतीपुढे तिचे प्रजनन खुंटते. मगरींची भीती खोटी नाही, म्हणूनच धुण्याचे आणि गुरांच्या पाण्याचे उतारे मोकळे व ठरावीक ठेवून बाकीचा काठ झाडोऱ्याला सोडणे अधिक शहाणपणाचे ठरते.

हा झाडोरा एकाच कारणाने गेलेला नाही. भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी राब लागतो आणि त्यासाठी काठची झाडे दरवर्षी छाटली जातात. पीकक्षेत्र वाढवण्यासाठी खाचराचा बांध पाण्यापर्यंत नेला जातो, आणि बंगल्यासमोर पाणी मोकळे दिसावे म्हणून यंत्राने काठ सपाट केला जातो. त्यानंतर काठ ढासळू लागला, की संरक्षक भिंतीची मागणी होते. भिंत जेथे बांधली जाते तेथे जमीन टिकते खरी, परंतु तिच्यावर आदळलेला प्रवाह समोरच्या किंवा खालच्या शेतकऱ्याच्या काठाकडे वळतो, आणि मग त्यालाही भिंत हवी असते. पूल, बाजारपेठ किंवा वस्ती वाचवण्यासाठी भिंत अपरिहार्य असू शकते, पण भातखाचरासाठी ती क्वचितच योग्य असते.

काठ पुन्हा उभा करण्याची सामग्री याच खोऱ्यात उपलब्ध आहे. पाण्यालगत लव्हाळे आणि वाळा, त्यामागे पुरात मोडण्याऐवजी वाकणारी शेरणी आणि वाळुंज, त्याहून वर करंज, जांभूळ, उंबर व तामण, आणि शेताच्या कडेला माणगा बांबू, अशी रचना या प्रदेशाच्या स्वभावाला धरून आहे. पन्नास मीटर काठ असलेल्या शेतकऱ्याने तीन मीटर रुंदीची पट्टी सोडली, तर जमीन जाते सुमारे दीड गुंठा. अल्पभूधारकासाठी हा त्याग लहान नाही, पण करंजाचा पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून चालतो आणि बांबूला बाजार आहे, त्यामुळे पट्टी निरुपयोगी राहत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात तर तलावाकाठच्या घरमालकांना याहून लहान, ३५० चौरस फुटांच्या, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश गुंठ्याच्या देशी वनस्पतींच्या लागवडीसाठीही सरकारी अनुदान दिले जाते. माशांच्या आसऱ्यासाठी अख्खी झाडे पाण्यात आडवी ठेवून काठाला पक्की बांधणे, हाही त्याच योजनेचा भाग आहे.

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत सापडते. तेथे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांबरोबर काम करून तलावांतील बेशरमाची झुडपे उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पतींची लागवड केली. वनस्पती परतल्या, त्यांच्या आधाराने देशी मासे आणि पक्षीही परतले. हे तलाव वैयक्तिक मालकीचे नाहीत, पण कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे पिढीजात ज्ञान शास्त्राइतकेच महत्त्वाचे ठरले, ही गोष्ट सावित्रीखोऱ्यातील मासे धरणाऱ्या आदिवासी आणि भोई कुटुंबांच्या संदर्भातही ध्यानात घेण्याजोगी आहे.

काठावरची लागवड सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, महाड शहर पाण्याखाली गेले आणि तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. असा प्रलय करंज-वाळुंजाने थोपणारा नसतो. औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्नही नियंत्रण यंत्रणांनीच सोडवायचा आहे. पण त्या पुरानंतर सावित्रीच्या पात्रातील गाळ काढण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. त्या गाळात डोंगरउताराबरोबर ढासळत्या काठांचीही माती असते, आणि ती वरून येत राहिली तर पात्र पुन्हा भरणार. उपसलेला गाळ काठावरच ओतला गेला, तर वाचलेला झाडोरा गाडला जातो, हेही ग्रामपंचायतींनी कामाच्या अटी ठरतानाच मांडायला हवे. लागवडीची वेळही नेमकी साधावी लागते: जूनच्या पहिल्या पावसात वाळुंजाचे जाड खुंट खोलवर ठोकले, तर जुलैच्या लोंढ्याआधी त्यांना मुळे फुटू लागतात. तरी पहिल्या वर्षी बरेच खुंट वाहून जाण्याची शक्यता धरून, दोन्ही काठांच्या मालकांनी मिळून दुसऱ्या वर्षीच्या फेरलागवडीची रोपे आधीच तयार ठेवणे आवश्यक असते.