आंबिलीतील जिवाणू : पौष्टिक की 'प्रोबायोटिक'?

मार्गशीर्ष अमावस्या जवळ आली, की लातूर-धाराशिव भागातील शेतकऱ्यांच्या घरी आंबिलीची तयारी सुरू होते. वेळ अमावस्येला, म्हणजेच 'येळवशी'ला, शेतात कडब्याच्या कोपीपुढे पूजा करून भज्जी, उंडे आणि आंबील यांचे वनभोजन केले जाते. नोकरी-शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरात आलेली तिकडची मंडळीही या दिवसासाठी गाव गाठतात. ज्वारीचे पीठ आणि ताक यांपासून केलेल्या या आंबट पेयाला अलीकडे 'प्रोबायोटिक' असे नवे विशेषण लावले जाते. शहरातील दुकानांच्या शीतकपाटांत हाच शब्द मिरविणारे दही आणि बाटलीबंद पेये वाढीव दराने विकली जातात. म्हणूनच या शब्दाचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक आहे.

आंबते म्हणजे काय?

विरजणातील दुग्धाम्ल जिवाणू दुधातील शर्करेचे रूपांतर लॅक्टिक आम्लात करतात. आंबिलीत ताकाबरोबर आलेले हेच जिवाणू ज्वारीच्या पिठातील शर्कराही वापरतात. आम्लता वाढली, की अनेक रोगकारक जिवाणूंची वाढ खुंटते. शीतकपाट नसलेल्या काळात ही अन्न टिकविण्याची मोठीच सोय होती.

याखेरीज आणखी एक लाभ होतो. धान्यातील फायटेट हा घटक लोह आणि जस्त यांना बांधून ठेवतो. आंबविल्याने त्याचे प्रमाण घटते आणि ही खनिजे शरीराला अधिक मिळतात. पाण्यात शिजविल्यावर ज्वारीतील प्रथिने पचनास जड होतात, ती आंबविल्याने सुपाच्य होतात. ज्यांच्या ताटात रोज भाकरी असते, अशा मराठवाड्यासाठी हा लाभ लहान नाही. विशेष म्हणजे, पुढे जिवाणू नष्ट झाले तरी तो कायम राहतो.

तीन अटी

१९०८ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी बल्गेरियातील लोकांच्या दीर्घायुष्याचा संबंध आंबट दुधाशी जोडला, तेव्हापासून या विषयाला चालना मिळाली. २००१ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या निश्चित केली. तीनुसार सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत आणि त्यांचा आरोग्याला लाभ व्हायला हवा.

यांतील तिसरी अट सर्वांत कठीण आहे. प्रयोगशाळेत एखादा जिवाणू जठराच्या आम्लात आणि पित्तक्षारांत तग धरतो का, आतड्याच्या पेशींना चिकटतो का, रोगजंतूंना रोखतो का, हे तपासले जाते. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण तो इतर जिवाणूंना देत नाही ना, हेही पाहिले जाते. या कसोट्या उतरल्या, तरी त्यातून केवळ 'क्षमता' सिद्ध होते. लाभ ठरतो तो माणसांवरील चाचणीतून, आणि तोही त्या विशिष्ट वाणापुरताच.

ओडिशाच्या ग्रामीण भागातील ४,५५६ नवजात बालकांवरील चाचणी याचे उत्तम उदाहरण ठरावे. लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम या जिवाणूचा एक निवडक वाण विशिष्ट शर्करेसह सात दिवस दिल्यावर जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र हे यश त्या वाणाचे होते. त्याच जातीचा जिवाणू आंबिलीत सापडला, तरी त्यावर या यशाचा हक्क सांगता येत नाही.

आपल्या ताटात काय?

इडली आणि ढोकळा यांचे पीठ आंबते खरे, पण वाफेवर बहुतेक जिवाणू मरतात. कढीचेही तेच. तेल-मिठाचे लोणचे टिकते ते प्रामुख्याने मीठ, तेल आणि आंबटपणामुळे. ताजे ताक व दही यांत मात्र जिवंत जिवाणू भरपूर असतात. आंबिलीचे उत्तर करण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. पीठ आधी शिजवून, निवल्यावर ताक घालून आंबविले, तर जिवाणू जिवंत राहतात. आंबवून मग उकळले, तर चव आणि पोषण उरते, जिवाणू उरत नाहीत.

ग्राहकाने काय पाहावे?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रोबायोटिक खाद्यपदार्थाच्या दिवसाच्या शिफारशीत मात्रेत साधारणतः किमान १० कोटी जिवंत जिवाणू अपेक्षित आहेत. वेष्टनावर जिवाणूचे वाणासह पूर्ण नाव, त्यांची संख्या आणि साठवणुकीचे तापमान शोधावे. नुसताच 'प्रोबायोटिक' हा शब्द पुरेसा नाही. जुलाब झाल्यास पहिला उपचार क्षारसंजीवनीचाच. अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेला रुग्ण यांना अशी उत्पादने वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नयेत.

मराठवाड्यातील आंबिलीतून उपयुक्त वाण वेगळे करून ते माणसांवरील चाचणीपर्यंत नेणे, हे येथील सूक्ष्मजीवशास्त्र आणि अन्नतंत्र विभागांना साजेसे काम आहे. ते होईपर्यंत आंबिलीला औषधाचा दर्जा देण्याची घाई नको. ती स्वस्त, सुपाच्य आणि पौष्टिक आहे. तिचे मोल ठरण्यासाठी एवढे पुरेसे आहे.