हप्ता थकला म्हणून हक्क संपत नाही



मागच्या महिन्यात एका गावात ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. नेहमी पुढे बसणाऱ्या एक ताई दिसल्या नाहीत. विचारलं तर सगळ्या गप्प. मग एकीने हळूच सांगितलं, "मॅडम, फायनान्सच्या हप्त्यापायी ती घराबाहेरच पडत नाही."

बैठक झाल्यावर त्यांच्या घरी गेले. मालक आजारी, मजुरी बंद, दोन हप्ते थकलेले. वसुलीवाला रात्री आठला येऊन ओट्यावर बसला होता. "पैसे घेतल्याशिवाय उठत नाही," म्हणाला. त्याआधी सेंटरवर त्याने बाकीच्या बायांना बसवून ठेवलं होतं. हिचा हप्ता आल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही! ताई मला म्हणाल्या, "त्याचं काही नाही वाटलं. आपल्याच बाया बोलल्या, ते लागलं."

मी कर्जाचं कार्ड मागितलं. पेटीतून पिशवीत गुंडाळलेलं निघालं. त्यावर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर छापलेला होता. इतके दिवस कार्ड घरात होतं, पण कुणी वाचलंच नव्हतं. म्हणून आज हे लिहिते आहे.

नियम काय सांगतो?

वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्सचं कर्ज. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. बँक असो की फायनान्स कंपनी, दोघांनाही ते लागू आहेत.

१. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन नाही, तगादा नाही. दिवसासुद्धा सारखे फोन करून छळता येत नाही.

२. हप्ता दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणीच घ्यायचा. तिथे तुम्ही लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आला नाहीत, तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी येता येतं.

३. शिवीगाळ, धमकी, मारहाण चालत नाही. कर्जदाराचं नाव चारचौघांत जाहीर करता येत नाही. नातेवाईक, मैत्रिणी, सोबत काम करणाऱ्या बाया यांना त्रास देता येत नाही.

४. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड अजिबात नाही.

५. कर्जासोबत विमा, शेगडी, मोबाइल गळ्यात मारता येत नाही. तुमची राजीखुशी हवी.

६. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. हे कर्ज देणाऱ्याने आधी तपासायचं असतं. म्हणून उत्पन्न आणि जुनी कर्जं खरी सांगा. लपवलं तर आपणच अडकतो.

व्याजाचा हिशेब

"शेकडा एकच रुपया" हे ऐकायला स्वस्त वाटतं. हिशेब करू. ३०,००० रुपये १२ महिन्यांसाठी घेतले. व्याज ३,६००, हप्ता २,८०० रुपये. सहा हप्त्यांनंतर निम्मं मुद्दल फिटलेलं असतं, तरी व्याज पूर्ण ३०,००० वरच चालू राहतं. म्हणजे खरा दर वर्षाला १२ टक्के नाही, साडेएकवीसच्या आसपास पडतो.

तेच ३०,००० गटातून शेकडा दोनने घेतले आणि दरमहा २,५०० मुद्दल फेडलं, तर उरलेल्या मुद्दलावर व्याज होतं ३,९०० रुपये. फरक फक्त ३०० रुपयांचा! त्यातून फायनान्सची प्रोसेसिंग फी आणि विमा धरला, तर तेच महाग पडू शकतं. शिवाय गटाचं व्याज गटातच राहतं.

म्हणून सही करण्याआधी माहितीपत्रक मागा. व्याज, फी, विमा सगळं धरून वर्षाचा दर किती, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. पत्रकात नसलेली फी घेता येत नाही. कार्ड आपल्याला कळणाऱ्या भाषेत हवं आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पोच मिळाली पाहिजे.

तक्रार कुठे करायची?

आधी कार्डावरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तारीख, वेळ, काय बोलले ते लिहा आणि एक प्रत जवळ ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. मारहाण, धमकी झाली तर मात्र थांबू नका, लगेच ११२ लावा.

गावातल्या खासगी सावकाराला हे नियम लागू नाहीत. त्याच्यासाठी महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. घेतलेलं कर्ज फेडायचंच आहे. नियमाने कर्ज माफ होत नाही, अपमान थांबतो. एकमेकींची हमी घेतली असेल तर हप्त्याबद्दल आपल्याला विचारलं जाईल. पण आपल्याच मैत्रिणीला घेरून बसणं हे आपलं काम नाही.

त्या ताईंनी तक्रार केली. रात्रीचं येणं बंद झालं. थकलेली रक्कम थोडी थोडी भरायचं ठरलं. हप्ता अजून चालू आहे, पण परवाच्या बैठकीला त्या आल्या आणि पुढेच बसल्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं कार्ड घेऊन यायचं. वाचता येत नसेल तर लाजू नका, आपण सगळ्या मिळून वाचू.

— तुमची क्षेत्र समन्वयक