धुऱ्यावरची गारगोटी

पहिला पाऊस पडून गेला की वखरलेल्या वावरात काळ्या ढेकळांमधून काही पांढरे, तांबूस गोटे लख्ख धुऊन वर आलेले दिसतात. वखराच्या पासेला अडतात म्हणून शेतकरी ते वेचून धुऱ्यावर टाकतो. असाच एक गोटा मी एकदा उचलला, तेव्हा वावराचे धनी हसून म्हणाले, "काहून घेता सर? गोटाच तं हाये!" गोटाच खरा. पण वाचकहो, तो कोठून आला, कसा ओळखावा आणि संग्रहात कसा ठेवावा, हे जाणण्यासारखे आहे.

आपण ज्याला गारगोटी म्हणतो, त्यातलीच एक जात म्हणजे अकीक. आपल्या मुलखाचा पाया काळ्या फत्तराचा, म्हणजे बेसाल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचून थिजला. आंबलेल्या पिठाच्या धिरड्याला जाळी पडते ना, तशा त्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपले. पाण्यात विरघळलेली सिलिका पोकळीच्या भिंतीवर एकावर एक पातळ थर देत गेली. म्हणून अकीक कापला की कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. मध्ये जागा उरलीच, तर तेथे स्फटिकांचे टोकदार दाणे जमतात. तांबडा व तपकिरी रंग बहुधा लोहाचा. काही दगडांत हिरवे शेवाळ अडकल्यासारखे दिसते. ती वनस्पती नव्हे, तीही खनिजेच.

काळाच्या ओघात हा फत्तर ऊनपावसाने कुजला आणि त्याची काळी कपाशीची माती झाली. अकीक मात्र कुजला नाही. म्हणजे ज्या मातीत आपली पऱ्हाटी उभी राहते ती माती आणि धुऱ्यावरचा तो गोटा, ही एकाच घरची दोन भावंडे!

आता हा दगड शोधावा कोठे? पूर्णेच्या काठी, दर्यापूरकडच्या खोल गाळाच्या पट्ट्यात विहीर खणली तरी दगड दिसणे कठीण. त्यापेक्षा डोंगराच्या पायथ्याशी जावे. उत्तरेस मेळघाटातून उतरणाऱ्या सापन, शहानूर, चंद्रभागा. दक्षिणेकडून येणाऱ्या मोर्णा, काटेपूर्णा. पावसाळा सरल्यावर यांच्या पात्रांतली वाळू-गोट्यांची रास चाळून पाहावी. वावरातला गोटा धन्याला विचारूनच घ्यावा, आणि राखीव जंगलातून दगडही उचलू नये.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. चाकूच्या टोकाने अकिकावर ओरखडा उठत नाही. उलट अकिकानेच काचेवर ओरखडा पडतो. चाकूने सहज ओरखडला, तर तो दगड दुसरा समजावा. फुटलेली पातळ कड दिव्यासमोर धरली तर तीतून मंद उजेड पाझरतो. आणि दगड पाण्यात बुडवून पाहावा. ओला असताना जे रंग दिसतात, साधारण तेच घासल्यावर कायमचे दिसतात. शाळेत परातभर पाणी घेतले, की मुलांची तासभराची करमणूक होते आणि शिक्षणही!

ही चकाकी माणसाला फार जुन्या काळापासून मोहवीत आली आहे. गुजरातेत लोथल येथे ४ हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी अकिकाचे मणी घडत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणहून असे पट्टेदार दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात, अशी नोंद आहे. अकिकाला घासून जिल्हई देण्याचे काम खंबायतला पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. फिकट दगड भाजून लाल करण्याची युक्तीही त्या कारागिरांची.

पण या चकाकीची किंमत कोणी मोजली, तेही आपण जाणले पाहिजे. कोरडा अकीक घासताना सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरे करणारा उपाय नाही. खंबायतच्या कित्येक कारागिरांना या रोगाने ग्रासले. म्हणून गुरुजनांना कळकळीची विनंती, की मुलांच्या हाती दगड कोरडा घासायला कधीही देऊ नका. घासणे ते पाणी घालूनच, आणि तेही जाणत्याच्या हातून. यंत्रावर कापण्याचे काम तर संरक्षणाची सोय असलेल्या कारागिराकडेच सोपवावे.

बाजारात गडद निळे, गुलाबी चकचकीत काप मिळतात. ते बहुतेक रंगविलेले असतात. अकिकाचे काही थर सच्छिद्र असल्याने रंग पितात. रंगविण्यात पाप नाही, पण न सांगता विकण्यात आहे. भेगांत रंग दाटून बसलेला दिसला की ओळखावे.

शेवटी माझीच चूक सांगतो. मी हौसेने चाळीसेक दगड जमविले आणि सगळेच घासून आणले. कपाट झळकू लागले! एके दिवशी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा कुठला?" मला सांगता येईना. साल घासून गेली होती आणि नोंद तर मी केलीच नव्हती. अभ्यासाच्या दृष्टीने माझा सारा संग्रह त्या दिवशी मुका झाला.

तेव्हापासून मी गोट्याचे दोन भाग करवितो. एकाला जिल्हई, दुसऱ्याची साल तशीच. दोन्हींवर एकच आकडा, आणि वहीत त्या आकड्यापुढे गाव, नाला किंवा वावर, तारीख, आणि तो पात्रात, मातीत की फत्तरातच रुतलेला सापडला, एवढे लिहितो. भोक पाडलेला मणी दिसला, तर तो मात्र हलवू नये. जागा लक्षात ठेवून तहसील कार्यालयास किंवा पुरातत्त्व विभागास कळवावे. तो दगड नसून इतिहासाचा कागद असतो.

गुरुजी, शाळेच्या कपाटात दहाच गोटे असू द्या, पण दहाही आपल्या गावशिवारातले आणि चिठ्ठीसह असू द्या. मग एखादे लेकरू घरी जाऊन बापाला सांगेल, "बाबा, आपल्या धुऱ्यावरचा गोटा आपल्या मातीचा भाऊ हाये!"