अर्धे शटर आणि एक ‘नाही’ : आडवळणाची कोडी घोळक्याला कशी सुटतात?

कोल्हापूर : भर दुपारी, भर बाजारपेठेत एका दुकानदाराने शटर खाली ओढले. पाठोपाठ शेजारच्यांनीही ओढले. दहा मिनिटांत सगळी दुकाने पुन्हा सुरू झाली. बंदची हाक नव्हती, भांडण नव्हते, पाऊसही नव्हता. मग झाले काय?

समजा, जेवणे आटोपून घरातली पाच-सहा माणसे बसली आहेत. कोडे घालणाऱ्या पुतण्यालाच उत्तर माहीत आहे. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि त्याने फक्त ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘त्याचा संबंध नाही’ एवढेच सांगायचे.

“दंगल झाली काय रे?” काका सुरुवात करतात. नाही.
“पोलिसांनी बंद करायला लावली?” नाही.
“महापालिकेची गाडी आली असणार, अतिक्रमणवाली!” नाही.
काकांचे पुढचे चार प्रश्नही याच वळणाचे. सगळ्यांचे उत्तर ‘नाही’. इतका वेळ गप्प बसलेली आत्या विचारते, “शटर पार खालपर्यंत ओढलं होतं काय?”
“नाही.”

इथे कोडे फुटते. शटर अर्धेच खाली आले होते. रस्त्यावरून अंत्ययात्रा चालली होती आणि दुकानदारांनी मान राखला होता.

हा खेळ नेमका काय आहे?

अशा कोड्यांना ‘लॅटरल थिंकिंग पझल’ म्हणतात. ‘लॅटरल थिंकिंग’ हा शब्द रूढ केला माल्टात जन्मलेले डॉक्टर आणि लेखक एडवर्ड डी बोनो यांनी. त्यांचे या विषयावरचे पहिले पुस्तक १९६७ मध्ये आले. सरळ वाट अडली की तीच आणखी जोरात तुडवायची नाही, बाजूने जाऊन पाहायचे, हा त्यामागचा विचार.

गणिताच्या कोड्यात लागणारी सगळी माहिती आधीच दिलेली असते. इथे ती मुद्दाम अपुरी ठेवतात. उरलेली जागा आपले डोके स्वतःच भरते आणि तिथेच फसते. ‘शटर ओढले’ म्हणजे ‘दुकान बंद केले’ आणि ‘बंद’ म्हणजे ‘भीती किंवा सक्ती’, हे कोड्यात कुठेच नव्हते. ते काकांच्या डोक्यात होते.

जपानमध्ये हा खेळ ‘समुद्री कासवाचे सूप’ या नावाने ओळखला जातो. हे नाव एका गाजलेल्या कोड्यावरून पडले. जर्मनीत २००४ पासून ‘ब्लॅक स्टोरीज’ नावाने अशा कोड्यांचे पत्ते मिळतात.

‘नाही’ ऐकून हिरमुसायचे का?

अजिबात नाही. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या शक्यता निम्म्या झाल्या, तर २० प्रश्नांत १० लाख ४८ हजार ५७६ शक्यतांमधून एक नेमकी गाठता येते. असा निम्मे करणारा प्रश्न असेल, तर ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्ही उत्तरांचे वजन सारखेच.

अडचण अशी की, आपल्याला ‘हो’ची चटक असते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला. स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे आणि ते नियमात बसतात का, एवढेच विचारायचे. अनेकांनी ८, १०, १२ असे आकडे सुचवले, ‘हो’ मिळवला आणि ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असा नियम ठोकून दिला. खरा नियम फक्त ‘चढत्या क्रमाने कोणतेही तीन आकडे’ एवढाच होता. १, २, ३ विचारले असते तरी पहिला अंदाज तिथेच पडला असता.

चौघे भारी की एकटा?

अमेरिकेतील डोनाल्ड टेलर आणि विल्यम फॉस्ट यांनी १९५२ मध्ये ‘वीस प्रश्न’ या खेळावर हेच तपासले. एकटे खेळणारे, जोड्या आणि चौघांचे गट अशी तुलना केली. गटांना प्रश्न कमी लागले, वेळ कमी लागला आणि अपयशही कमी आले. मात्र माणशी खर्च झालेली मिनिटे मोजली, तर एकटाच किफायतशीर ठरला. चौघांचा गट जोडीपेक्षा फक्त अपयश कमी येण्यात सरस निघाला. म्हणजे माणसे वाढवली की अक्कल त्याच पटीत वाढते, असे नाही.

मग कोणता गट चांगला? अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ६९९ जणांवरचा अभ्यास मांडला. २ ते ५ जणांच्या गटांना वेगवेगळी कामे दिली होती. गटात सर्वांत हुशार कोण, यापेक्षा दोन गोष्टींचा संबंध जास्त दिसला : समोरच्याच्या मनातले ओळखण्याची सदस्यांची क्षमता आणि सगळ्यांना बोलायची मिळालेली संधी. एक-दोघेच बोलत राहिले, ते गट मागे पडले.

आत्याला पहिल्याच फेरीत पाळी मिळाली असती, तर काकांचे निम्मे प्रश्न वाचले असते.

कोल्हापूरला हे नवे आहे का?

सवाल-जवाबाची हौस इथे जुनी आहे. कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीत एक फड कवनातून कूट सवाल टाकतो आणि दुसऱ्याला कवनातूनच जवाब द्यावा लागतो. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तर तुरेवाले शिवाला. अनंत माने यांच्या ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) या चित्रपटाने तमाशातली अशी झुंज पडद्यावर आणली.

फरक एवढाच की, फडात समोरच्याला हरवायचे असते आणि जवाबाला पुराणांची जाण लागते. इथे सगळे एकाच बाजूला असतात आणि हरवायचे असते ते स्वतःच्या गृहीताला.

खेळाबाहेर याचा उपयोग काय?

पंचगंगेकाठच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ‘२००५ ला पाणी इथपर्यंतच आले होते’ या खुणेवर विसंबणे २०१९ च्या महापुरात अनेकांना महागात पडले. पाणी त्या खुणेच्या कितीतरी वर गेले. ‘गेल्या वेळेपेक्षा जास्त येऊच शकत नाही का?’ हा हो-नाहीचाच प्रश्न आहे. तो घरातली नवी सून विचारू शकते, भाडेकरू विचारू शकतो, शाळकरी पोरही विचारू शकते. फक्त त्यांना बोलायची पाळी मिळाली पाहिजे.

आज रात्री खेळायचे असेल तर...

• पाळीपाळीने विचारा. प्रत्येकाचा एक प्रश्न झाल्याशिवाय दुसरी फेरी नको.
• थेट उत्तरावर उडी नको. आधी कुठे, कधी, कोण यांचा अंदाज घ्या.
• अडलात की कोड्यातला एकेक शब्द उचला आणि विचारा, ‘हे मी धरून चाललोय का?’
• मिळालेले ‘हो’ आणि ‘नाही’ एकाने मोबाइलवर टिपून ठेवावेत.
• उत्तर माहीत असणाऱ्याने चेहऱ्यावरून खूण देऊ नये.

सुरुवातीला हे कोडे घ्या : पहाटे पावणेपाचला एका बाईंना समोरच्या घरात दिवा लागलेला दिसला. त्यांनी लगेच घरातल्या सगळ्यांना हलवून उठवले. चोर नाही, आग नाही, कुणी आजारीही नाही. असे का केले?

(उत्तर : नळाला पाणी आले होते.)