पाठ फिरवून उभी राहिलेली भिंत

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांच्या बदलीनिमित्त तो ठेवला होता. तिथेच अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ‘शारदा’त राजकारण नाही, जरठ-बाला विवाहाचं ते नाटक. पण पुढच्या काही आठवड्यांतच, १९१० च्या सुरुवातीला, मुंबई सरकारनं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली. तोवर हे नाटक जवळजवळ तीन वर्षं उघडपणे चाललेलं होतं.

खाडिलकर ‘केसरी’तले, टिळकांच्या निकटचे. महाराष्ट्र नाटक मंडळीनं १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगमंचावर आणलं तेव्हा बंगालच्या फाळणीला दीडच वर्ष झालं होतं आणि फाळणी करणारा कर्झन मायदेशी परतला होता. नाटकात त्याचं नाव कुठेही नाही. आहे ती विराटपर्वातली सैरंध्री, तिच्यावर नजर ठेवणारा राजाचा मेहुणा कीचक, मेहुण्यापुढे हतबल झालेला विराट, सबुरीनं घ्या म्हणणारा युधिष्ठिर आणि रागानं धुमसणारा भीम. सुरतेच्या काँग्रेसमध्ये मवाळ-जहाल फुटले ते त्याच वर्षाच्या अखेरीस. युधिष्ठिर कोण आणि भीम कोण, हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल टिळकांचा कट्टर टीकाकार; पण ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० च्या पुस्तकात त्यानं या नाटकाचं मर्म नेमकं टिपलं. नाव उच्चारलं जात नाही, तरी नाट्यगृहातला प्रत्येक जण कीचकाला कर्झन म्हणूनच पाहतो, असं त्यानं नोंदवून ठेवलं. शत्रूनं दिलेली इतकी चांगली पावती मराठी नाटककाराला क्वचितच मिळाली असेल.

सरकारच्या हातातलं हत्यार होतं १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. नीळमळेवाल्यांचा जुलूम दाखवणारं ‘नीलदर्पण’ आणि युवराजांच्या कलकत्ताभेटीवरचं प्रहसन यांनी बंगाली रंगभूमीवर खळबळ उडवली होती. त्यातून हा कायदा जन्मला आणि मराठी नाटककाराला आडून बोलण्याची सवय जडली. या सवयीला भित्रेपणा म्हणणं मला पटत नाही. पुराणकथा सगळ्यांची असते, तिच्यावर खटला भरता येत नाही, आणि तिचा अर्थ लावण्याचं अर्धं काम प्रेक्षक स्वतः करतो. स्वतः लावलेला अर्थ माणूस घरी घेऊन जातो.

आडून न बोलणारेही होतेच. १९४४ पासून अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लालबावटा कलापथक गिरणगावात, चाळींसमोरच्या मोकळ्या जागेत उभं राहून मालक, सावकार, पुढारी यांची नावं-गावं घेऊनच बोलत होतं. तमाशाची बतावणी त्यांच्या हातात राजकीय झाली. त्यांनाही सरकारी बंदी चुकली नाही, आणि ती आता स्वदेशी सरकारची होती.

खरा पेच स्वातंत्र्यानंतरचा. कर्झन गेल्यावर कीचक कुठे शोधायचा? विजय तेंडुलकरांनी तो पुण्यातच शोधला. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. कनौजहून आलेल्या घाशीरामाचा पेशव्यांच्या पुण्यात अपमान होतो. सूड घेण्यासाठी तो पोटची मुलगी नाना फडणविसांपुढे करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. शहर त्याच्या पायाखाली भरडलं जातं. लोक खवळले की नाना घाशीरामाला जमावाच्या हवाली करणारा हुकूम लिहून देतात. नानांचं कसब असं की ज्याला उभं केलं त्याला मारूनही तेच शांततेचे कैवारी ठरतात.

या प्रयोगातली सर्वांत राजकीय गोष्ट मला वाटते ती नटांची भिंत. रांगेत उभे ब्राह्मण गातात, डोलतात. वाड्यातलं काही झाकायचं असलं की तेच पाठ फिरवून भिंत होतात. क्षणात तेच बावनखणीतले शौकीन, क्षणात तेच कीर्तनातले भाविक, शेवटी तेच रक्ताला चटावलेला जमाव. संवादाचा एक शब्दही खर्च न करता हे कळतं, की सत्तेला आडोसा देणारे आपणच असतो. शिवसेनेची स्थापना १९६६ ची. रस्त्यावरच्या दांडगाईला कोण बळ देतं, हा प्रश्न ‘घाशीराम’ आलं तेव्हा ताजा होता. तेंडुलकर मात्र हे ऐतिहासिक नाटक नाही, यावर ठाम राहिले.

‘कीचकवध’ सरकारनं बंद पाडलं. ‘घाशीराम’ मात्र आधी थांबवलं ते नाटक करणाऱ्या संस्थेनंच, एकोणीस प्रयोगांनंतर. नानांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी असा ओरडा झाला होता. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि प्रयोग पुन्हा सुरू केले. १९८० मध्ये ते युरोपात निघाले तेव्हाही विरोध झालाच. खाडिलकरांच्या बाजूला अख्खं प्रेक्षागृह होतं. तेंडुलकरांच्या वाट्याला दुभंगलेलं आलं. म्हणून मला तेंडुलकरांचं काम अधिक अवघड वाटतं.

आडोसा टाकून देण्याचं धाडस गो. पु. देशपांडे यांनी ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’त केलं. डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची विद्यापीठातली चौकशी, एवढंच नाटक. खुर्च्या, प्रश्न, उत्तरं. आणीबाणीच्या उंबरठ्यावर ते डॉ. श्रीराम लागूंनी उभं केलं. मराठी रंगभूमीनं या वाटेनं पुढे फारसं जाऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

२०१२ मध्ये जालन्याकडून ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. लेखक राजकुमार तांगडे, मूळ कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत, दिग्दर्शन नंदू माधव. नट बहुतेक शेतकरी घरांतले. यम शिवाजीराजांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार पृथ्वीवरच राहून जातात आणि तो ते शोधत हिंडतो. राजाच्या नावानं दंगा करणाऱ्यांसमोर राजाच उभा केला, तोही पोवाड्यात, हसत-खेळत. नाव घेतलं की भावना दुखावतात अशा काळात तेच नाव मध्यभागी ठेवायला छाती लागते.

१८७६ चा तो कायदा २०१८ च्या सुरुवातीला रद्द झाला. महाराष्ट्रात मात्र संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवण्याचा रिवाज पोलीस कायद्याखालच्या नियमांनी टिकून राहिला. त्याला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. सिनेमाची पूर्वतपासणी होते, तशी छापील पुस्तकाची होत नाही. नाटक छापून दुकानात ठेवता येतं, तेच उभं राहून बोलायचं तर प्रमाणपत्र लागतं. चार भिंतींत एकत्र बसलेल्या माणसांचं भय १८७६ मध्ये कलकत्त्याच्या लाटसाहेबाला होतं, हे समजतं. आपल्याच सरकारांना ते इतकी वर्षं का असावं, याचं उत्तर द्यायला कोणत्याही पक्षाचं सरकार आजवर पुढे आलेलं नाही.