जमिनीत सोडलेली वीज काय सांगते?

बीड जिल्ह्यात बोअर घ्यायचं ठरलं की अनेक जण आधी मशीनवाल्याला बोलावतात. तो एका रेषेत चार सळया ठोकतो, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतो आणि आतल्या दोन सळयांमधला विजेचा दाब मोजतो. खालचा खडक विजेला किती अडवतो, हे त्यावरून कळतं. याच विद्युत सर्वेक्षणाने लडाखच्या पुगा खोऱ्यात भूगर्भातली उष्णताही शोधली गेली. पण या मोजणीच्या आकड्यांभोवती गैरसमज बरेच आहेत.

गैरसमज : मशीन थेट पाणी किंवा उष्णता दाखवतं.
वस्तुस्थिती : मशीन फक्त विरोध मोजतं. घट्ट काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, वीज अडवतो. पाणी मुरलेला मुरूम आणि भेगाळ खडक ती वाहू देतात. गरम, क्षारयुक्त पाण्याचा विरोध आणखी कमी भरतो. पण चिकणमातीचा आणि बेसाल्टच्या दोन थरांमधल्या तांबड्या थराचा आकडाही कमीच येतो. म्हणून तो आजूबाजूच्या विहिरींच्या थरांशी ताडून पाहावाच लागतो.

गैरसमज : हजार फुटांवरून कोमट पाणी आलं, म्हणजे खाली लाव्हा आहे.
वस्तुस्थिती : जगात सरासरी दर किलोमीटर खोलीला तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढतं. त्या हिशेबाने हजार फुटांवर साडेसात ते नऊ अंशांची वाढ साहजिक आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो कधीच निवला. शेजारच्या लातूर जिल्ह्यात 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा 338 मीटरनंतर बेसाल्ट संपून प्राचीन खडक लागला, लाव्हा नाही.

गैरसमज : झऱ्याचं पाणी गंधकामुळे तापतं.
वस्तुस्थिती : पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्ण खडकाने तापतं आणि वर येतं. गंधक वाटेत विरघळतं. कोकणातलं तुरळ आणि उन्हवरे, तसंच नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर हे असेच झरे आहेत.

गैरसमज : मशीन लागेल तितकं खोल बघतं.
वस्तुस्थिती : बाहेरच्या सळयांमधल्या अंतराच्या काही हिस्स्याइतकीच खोली समजते. तीनशे फूट तार पसरून हजार फुटांचा अंदाज देता येत नाही. काही किलोमीटर खोलीवरच्या उष्णतेसाठी पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी मोजतात, आणि तरीही खात्री होते ती छिद्र घेतल्यावरच.

बोअरला पैसे घालण्याआधी मशीनवाल्याला तारेची लांबी विचारा, आकड्यांचा आलेख मागा आणि जवळच्या विहिरींची माहिती त्याच्यापुढे ठेवा. मोजणी नीट झाली तर अंदाज सुधारतो. "अमुक फुटांवर इतके इंच पाणी" अशी हमी मात्र कोणतंच मशीन देऊ शकत नाही.