ठाऊक असूनही मौन

राजुरा हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. एप्रिल २०१९ मध्ये येथील एका निवासी शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. तपासात अशा १७ मुली असल्याचे निष्पन्न झाले. जंगलातील खेड्यापासून दूर, केवळ शिक्षणासाठी ठेवलेल्या या लेकरांना आईजवळ मन मोकळे करायचे, तर सुट्टीची वाट पाहावी लागे.

याच प्रकरणात, वसतिगृहातील मुलींच्या उपचारासाठी नेमलेल्या एका डॉक्टरांवरही गुन्हा नोंदविला गेला. आरोप अत्याचाराचा नव्हता. प्रकार ठाऊक असूनही पोलिसांना न कळविल्याचा होता. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये डॉक्टरांविरुद्धचा हा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. डॉक्टर दोषी की निर्दोष, याचा निवाडा तेथे झाला नाही. मात्र माहिती असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुधा तो अपराध्याला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले.

करणे, करविणे आणि अनुमोदन देणे हे तिन्ही दोष मानणाऱ्या घरांना हा विचार परका वाटू नये. तरीही अशा प्रसंगी प्रथम आठवते ती प्रतिष्ठा. आपल्या व्यापारी कुटुंबांतील अनेक जण शाळांचे, वसतिगृहांचे विश्वस्त आहेत. ‘संस्थेचे नाव जाईल’, ‘मुलीचे लग्न अडेल’, ‘आपापसांत मिटवू’ ही वाक्ये त्यांच्या बैठकींना अपरिचित नाहीत. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा ‘पोक्सो’ कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यानुसार गुन्हा ठाऊक असलेल्या कोणाही प्रौढाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही होतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होत नाही.

पोलीस ठाण्याची भीतीही बरीचशी अज्ञानातून येते. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, साध्या वेशातील अधिकाऱ्याने, शक्यतो महिलेने घ्यावयाचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. बालकाचे नाव, छायाचित्र, शाळा यांपैकी काहीही वृत्तपत्रांना छापता येत नाही. हे संरक्षण मुलींइतकेच मुलांनाही आहे. मुलगा आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

अपराधी बहुतेकदा परिचितच असतो: नातलग, शिकवणीचे गुरुजी, दुकानातील जुना माणूस. म्हणून मूल एखाद्याकडे जायला एकाएकी नकार देऊ लागले, तर त्याला रागावू नये, शांतपणे कारण विचारावे. ते बोलले तर मध्येच अडवू नये, तेच ते पुन्हा वदवून घेऊ नये. जवळचे पोलीस ठाणे गाठावे किंवा १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही सेवा विनामूल्य असून दिवसरात्र सुरू असते.